दुसऱ्या वर्षातला मंगळ

हडपसर,
३ जून २०२५

आदरणीय बर्वे मॅडम,

मी मैना सर्जेराव घुले. आपल्या 'समसप्तक वधूवर सूचक केंद्रा'त माझं नाव बाबांनी मला न विचारता नोंदवलं आहे. ते कृपया काढून टाकावं. मी परवा नारायण पेठेत येऊन गेले, पण आपल्या दारावर 'बेल वाजवू नये, फोन करू नये, व्हॉट्सॲप पाहिलं जात नाही, म्हणणं पत्राने कळवावं' अशी पाटी होती. शाळेतल्या 'मामास पत्र'नंतर मी हे पहिलंच पत्र लिहितेय, सो चूकभूल माफ असावी.

मला लग्नच करायचं नाही असं नाही. आत्ता मला पीएचडी करायचीय. विषय जलपर्णी. मुंढव्याच्या पुलावरून खाली पाहिलं की नदी दिसत नाही, नुसतं हिरवंगार रान दिसतं, ती. दरवर्षी काढतात आणि दरवर्षी ती परत येते. कशी येते, हे मला शोधायचंय. मला ह्यात खरंच इंटरेस्ट आहे, मॅडम. झोपेतसुद्धा ती दिसते.

अडचण मार्कांची आहे. दहावीला त्र्याण्णव टक्के, बारावीला अठ्ठावन्न. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी एक्क्याऐंशी, दुसऱ्या वर्षी त्रेचाळीस, तिसऱ्या वर्षी एकोणऐंशी. एम.एस्सी.ला तिसरी आले, नेट पहिल्या झटक्यात निघाली. तीन ठिकाणी पीएचडीच्या मुलाखती दिल्या. जलपर्णीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. तिन्हीकडे एकच प्रश्न, 'दुसऱ्या वर्षी काय झालं?' आणि तिन्हीकडून नकार.

बाबांचं मांजरी गावात लग्नाचं लॉन आहे. तिथली डिसेंबरची एक तारीख त्यांनी माझ्या नावाने अडवून ठेवलीय. नवरा अजून ठरलेला नाही, केटरर ठरलाय. दिवाळीपर्यंत ॲडमिशन मिळाली तर तारीख सोडतो म्हणालेत. तेव्हा निदान तुमच्याकडून तरी स्थळं येऊ नयेत, एवढीच विनंती.

आपली,
मैना घुले

नारायण पेठ,
९ जून २०२५

चि. मैना,

पत्र पोहोचलं. हडपसरहून माणूस इथे यायला जेवढा वेळ लागतो, त्याहून फार उशीर झाला नाही.

पाटी पूर्ण वाचायची असते. शेवटची ओळ 'नोंदवलेलं नाव काढलं जात नाही' अशी आहे. आम्ही नाव दोनच प्रसंगी काढतो. लग्न जमल्यास किंवा संन्यास घेतल्यास. संन्यासाला गुरूंचं पत्र जोडावं लागतं. तू दोन्हीत बसत नाहीस.

शिवाय तू स्वतःच पत्रात स्थळ मागितलं आहेस, हे तुझ्या ध्यानात आलेलं दिसत नाही. वयाने मोठा, शिकलेला माणूस हवा. पाच-सहा वर्षं त्याच्या कलाने घ्यायचं. त्याच्या सहीवाचून पान हलायचं नाही. त्याच्या घरच्या कार्यात राबायचं, आणि नाही पटलं तर सोडून जाताना गावभर बोभाटा. याला तुम्ही गाइड म्हणता. मी गेली कित्येक वर्षं हेच जमवते आहे, फक्त माझ्याकडे अक्षता असतात.

तुझे मार्क पत्रिकेसारखे मांडून पाहिले. बारावीत शनी आहे. तो सगळ्यांनाच असतो, सोडून दे. दुसऱ्या वर्षात मात्र मंगळ आहे आणि कडक आहे. मंगळ असलेल्या मुलीच्या बापाला आम्ही काय सांगतो? लपवू नका, शांती करून पैसे घालवू नका, मंगळाचंच स्थळ बघा. तू जाऊन बसलीस निर्मळ पत्रिकेच्या प्राध्यापकांपुढे. ते नाही म्हणणार नाहीत तर काय ओटी भरणार? तुला दुसऱ्या वर्षी गटांगळी खाल्लेला प्राध्यापक हवा.

शोध घेते. दुसऱ्या वर्षी काय झालं ते खरं खरं कळव. माझ्याकडे लोक मुलाचं टक्कल लपवतात आणि ते पहिल्याच भेटीत दिसतं.

आशीर्वाद.
नीरजा बर्वे

हडपसर,
१६ जून २०२५

आदरणीय मॅडम,

आपलं पत्र वाचून आधी राग आला, मग हसू आलं. मग माझी चौथी मुलाखत झाली आणि मग काहीच येईना.

पाच जण होते. 'दुसऱ्या वर्षी काय झालं?' मी म्हटलं, विशेष काही नाही. त्यातल्या मॅडम पुढे झुकून हळू आवाजात म्हणाल्या, 'घरात कोणी गेलं का?' मी म्हटलं, सगळे ठणठणीत आहेत. 'तुम्ही आजारी होता?' नाही. 'आर्थिक ओढाताण?' त्याच वर्षी बाबांनी नवी गाडी घेतली होती. 'मग प्रेमप्रकरण तरी?' हे विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर आशा होती. मी त्यालाही नाही म्हटलं. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लिहून टाकलं, 'कारण समाधानकारक नाही.' माझ्या आधीच्या मुलाचे आजोबा दोन वेगवेगळ्या सेमिस्टरला वारले होते. दोन्ही वेळा वडिलांचेच वडील. तो सिलेक्ट झाला.

आता तुम्हाला खरं सांगते. त्या वर्षी मी कॅरम खेळले.

एवढंच. आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या शेडमध्ये बोर्ड होता. एके दिवशी सहज गेले, राणी घेतली, आणि वर्षभर तिथेच होते. स्पर्धेत उतरले नाही, बक्षीस मिळालं नाही, कोणी मैत्रीणसुद्धा झाली नाही. पुढच्या जूनमध्ये एका सकाळी कंटाळा आला आणि कॉलेजला गेले. ह्याचं कारण मी स्वतःला खूपदा विचारलंय. सापडत नाही. मला वाईट ह्याचं वाटतं की निदान एखादा अपघात तरी व्हायला हवा होता.

असा प्राध्यापक तुम्हाला मिळणार नाही. तरी बघा म्हणते, कारण दुसरं कोणीच बघत नाहीये.

मैना

नारायण पेठ,
७ जुलै २०२५

चि. मैना,

कॅरम हे उत्तम कारण आहे. त्यात कोणी मरत नाही.

मी दाराबाहेर नवी पाटी लावली. 'दुसऱ्या वर्षी नापास झालेले प्राध्यापक हवेत. वनस्पतिशास्त्र असल्यास प्राधान्य. गुप्तता पाळली जाईल.' प्रतिसाद पाहून मी चकित झाले, आणि मी सहसा होत नाही. एक जण हेल्मेट घालून आले आणि शेवटपर्यंत काढलं नाही. एकांनी एकोणसाठ टक्क्यांची गुणपत्रिका आणली. त्यांना सांगितलं, याला नापास म्हणत नाहीत, विनय म्हणतात, या आता. एक तर सुवर्णपदकविजेते निघाले. फुकट राबणारी मुलगी मिळेल म्हणून नापास झाल्याचं सांगत होते. मंगळ नसताना आहे म्हणून सांगणारे आमच्याकडेही येतात. त्यांचा हेतू वेगळा असतो.

अखेर एक स्थळ मनास आलं. डॉ. उत्तरेश्वर शिनगारे, मूळचे धाराशिवकडचे, वय छप्पन्न, वनस्पतिशास्त्र, चष्मा आहे. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी दोनदा नापास. मी कारण विचारलं. म्हणाले, 'खडकवासल्याला जाऊन पाणी बघत बसायचो.' दोन वर्षं? 'एक वर्ष पाणी बघत होतो. दुसऱ्या वर्षी, बघणं थांबलंय का ते बघायला जायचो.' यापेक्षा चांगले गुण मी आजवर जुळवलेले नाहीत.

येत्या रविवारी सपत्नीक तुला पाहायला येतील. तुझ्या वडिलांना केंद्राचं नेहमीचं छापील पत्र पाठवलं आहे. पोह्यांत साखर घालू नये, त्यांना चालत नाही. तिखटही घालू नये. तेही चालत नाही.

आशीर्वाद.
नीरजा बर्वे

हडपसर,
१५ जुलै २०२५

बर्वेबाई,

तुमच्या छापील पत्रात 'सुस्थळ कन्या पाहण्यास येत आहे' असं होतं. मी बाबांना तीन दिवस सांगत होते की गाइड येणार आहेत. ते म्हणायचे, 'शिकलेला हाय, म्हायती हाय मला.' रविवारी आत्या, काका, काकू, सगळी भावकी अंगणात. बाबांनी फेटा बांधलेला.

रिक्षातून सर उतरले. बाबांनी त्यांचे पांढरे केस पाहिले, मग मागून उतरलेल्या त्यांच्या बायकोकडे पाहिलं, आणि काकांच्या कानात म्हणाले, 'पहिली संगं घेऊनच आलाय गडी.' पण दारात आलेल्या पाहुण्याला काही बोलायचं नाही ही आमच्याकडची रीत, म्हणून बाबांनी दोघांना बसवलं आणि पोहे दिले.

मग बाबांनी विचारलं, 'आपल्याकडं साधारण किती वर्स टिकतं?'

सर म्हणाले, 'पाच. फार तर सहा. मग मुलगी आपापली मोकळी.'

'आन् ह्याच्याआधी किती झाल्या?'

'सात. दोघी मध्येच सोडून गेल्या. एक ऑस्ट्रेलियात आहे. पण सगळ्यांशी संबंध अगदी चांगले आहेत.'

त्यांच्या बायको म्हणाल्या, 'दिवाळीला सगळ्या घरी येतात. मीच करते त्यांचं सगळं.'

बाबा शांतपणे उठले. आमच्याकडे मांडवाचे बांबू भिंतीला लावलेले असतात. त्यातला एक घेऊन आले. मी मध्ये पडले, हात जोडले, सर प्राध्यापक आहेत, मी त्यांच्या हाताखाली शिकणार आहे, असं घसा फोडून सांगितलं. बाबा बांबू धरून तसेच उभे. म्हणाले, 'म्हंजी लगीन न्हाय?' नाही. 'मग फेटा कशापायी बांधला मी?' शेवटी ते खाली बसले आणि सरांना म्हणाले, 'इचारा पोरीला काय इचारायचंय ते.'

आणि बाई, सरांनी विचारलं, 'जलपर्णी उपटून काठावर टाकतात. ती वाळते. मग पुन्हा नदीत उतरते कोण?'

मला चार मुलाखतींत जे कोणी विचारलं नव्हतं ते आमच्या अंगणात विचारलं. मी बोलत सुटले. चिखलातलं बी किती वर्षं जिवंत राहतं, तुटलेला एक कोंब पुरतो की नाही, सगळं. सर मध्येमध्ये 'हं' म्हणायचे. काकू उठून गेल्या, आत्याला डुलकी लागली. बाबा मात्र बसून होते. माझं झाल्यावर म्हणाले, 'एवढं त्या पानात हाय?' मला इतका आनंद कितीतरी दिवसांत झाला नव्हता.

पण जाताना सरांनी मला बाजूला घेतलं. ऑगस्टअखेर विद्यापीठाच्या समितीपुढे मला नेतील. तिथे दुसऱ्या वर्षाचं विचारतीलच. म्हणाले, 'टायफॉइड सांगा. मीही आजवर टायफॉइडच सांगत आलोय. नोकरीच्या वेळी तेच सांगितलं, लग्नाच्या वेळीही तेच. हिलासुद्धा खरं माहीत नाही.'

मी काय करू? ही शेवटची समिती आहे. टायफॉइड म्हटलं तर ॲडमिशन आहे. कॅरम म्हटलं तर डिसेंबर आहे. तुमच्या पद्धतीने मंगळ म्हणू का? पण मी सायन्सची आहे, मी मंगळ मानत नाही. तुम्ही खरंच मानता?

मैना

नारायण पेठ,
२१ जुलै २०२५

चि. मैना,

तुझ्या वडिलांना सांग, बांबू उचलण्याआधी पोहे संपू द्यायचे असतात.

मी मंगळ मानत नाही. कधीच मानला नाही. हे या पेठेत कोणाला सांगितलंस तर मी तुला ओळखत नाही असं म्हणेन.

मला स्वतःला कडक मंगळ होता. स्थळं दारापर्यंत येत आणि पत्रिका पाहून परत जात. मग बर्वे आले. त्यांची पत्रिका माझ्यासारखीच, मंगळ जिथल्या तिथे. वडिलांनी लगेच होकार दिला. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी सासूबाई सहज बोलून गेल्या की यांना मंगळ नव्हताच, यांनी एका जोश्याकडून पत्रिकेत घालून आणला होता. मागे मी लिहिलं होतं की मंगळ नसताना आहे म्हणणाऱ्यांचा हेतू वेगळा असतो. तो बर्व्यांचाही होता. ते गेले त्याला आता सहा वर्षं झाली. मला अजून रोज त्यांचा चहा टाकावासा वाटतो.

तेव्हा मी हे केंद्र चालवते ते ग्रहांसाठी नाही. 'तुझ्यात खोट आहे, बरं, माझ्यातही घाल' असं म्हणणारा माणूस एखाद्याला मिळावा, एवढ्यासाठी चालवते. हे पाटीवर लिहिता येत नाही, म्हणून मंगळ लिहिते.

आता टायफॉइडचं. एकदा सांगितला की आयुष्यभर त्याच्या गोळ्या घ्याव्या लागतात. शिनगाऱ्यांचं पथ्य मला तेव्हाच खटकलं होतं. तू तुझं ठरव. स्थळ मी जमवून दिलं, पण बोहल्यावर तोंड तुलाच उघडायचं आहे. मला काळजी वाटते आहे, हे लिहून ठेवते.

आशीर्वाद.
नीरजा बर्वे

हडपसर,
२२ सप्टेंबर २०२५

प्रिय नीरजाताई,

डिसेंबरची तारीख बाबांनी दुसऱ्या पार्टीला दिली, हे तुम्हाला बाबांकडून कळलंच असेल. पण ते कसं झालं ते मला तुम्हाला लिहायचं होतं. उशीर झाला कारण हात चिखलात असतात.

समितीत सहा जण होते. सर माझ्या बाजूला, मांडीवर फाइल. मी जलपर्णीचं प्रेझेंटेशन दिलं, सगळ्यांनी चहा घेतला, आणि अध्यक्षांनी विचारलं, 'दुसऱ्या वर्षी काय झालं होतं?' सरांनी फाइलमधून मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला माहीत होतं त्यांना काय ऐकायचंय. माझ्या तोंडात तो शब्द आलासुद्धा होता. पण मग वाटलं, पाच वर्षं ह्या माणसाबरोबर काढायची, आणि आपण दोघांनी एकमेकांकडे पाहायचं तेव्हा मध्ये कायम तो टायफॉइड बसलेला.

मी म्हटलं, 'सर, मी कॅरम खेळत होते.'

'वर्षभर?'

'वर्षभर.'

'का?'

'माहीत नाही. आवडत होतं.'

कोपऱ्यातले क्लार्क लिहायचे थांबले. अध्यक्ष म्हणाले, 'आणि पीएचडीत पुन्हा असं एखादं वर्ष आलं तर?' मी म्हटलं, 'येईल सर. पाच वर्षांत एखादं येणारच. पण मी परत येते. तेव्हाही आले होते.' मला कळत होतं की गेलं सगळं.

मग अध्यक्ष सरांकडे वळले. 'शिनगारेसर, तुम्हाला चालणार आहे का असं?'

सरांनी फाइल बंद केली, पुन्हा उघडली. मग उभे राहिले. समितीत कोणी उभं राहत नाही. म्हणाले, 'मला टायफॉइड झाला नव्हता.'

कोणी विचारलंच नव्हतं, ताई. सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. सर घामाघूम, पण बसेनात. शेवटी क्लार्कनी विचारलं, 'ह्याची नोंद घ्यायची का?' अध्यक्षांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, 'घ्या.' मग आम्हाला जायला सांगितलं. निकाल संध्याकाळी फोनवर कळेल म्हणाले.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, 'नोंद झालीय. आता घरी सांगावं लागेल. तू चल बरोबर.' मला वाटलं, बांबू तिथेही असतील. पण गेले.

सरांच्या बायको, त्यांनाही मी काकूच म्हणते, त्यांनी आमच्यापुढे मुगाची खिचडी ठेवली. सरांनी मान खाली घालून सगळं सांगितलं, खडकवासल्याचं, पाण्याचं, दोन्ही वर्षांचं. काकूंनी ऐकून घेतलं. नापास झाल्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. त्या म्हणाल्या, 'म्हणजे तुमचं आतडं चांगलं आहे?' सर म्हणाले, चांगलं आहे. 'आणि मी लग्न झाल्यापासून या घरात मिरची आणली नाही. माहेरी जाऊन चोरून ठेचा खाते मी.' त्यांना रडू फुटलं, आणि इतका राग आलेला मी कोणाला पाहिला नाही. सर नुसते 'चुकलं' म्हणत होते. मग काकू खाली दुकानात गेल्या, पावशेर हिरव्या मिरच्या घेऊन आल्या, आणि तव्यावर टाकून रगडायला बसल्या. सगळ्या घरात मिरचीचा खाट सुटला. आम्ही तिघंही खोकत होतो.

पहिला घास सरांनी घेतला तेव्हाच माझा फोन वाजला. क्लार्क होते. म्हणाले, ठराव वाचून दाखवतो, पत्र मागाहून येईल. मी स्पीकरवर टाकला. ते एका सुरात वाचत गेले, 'उमेदवार दुसऱ्या वर्षी कॅरम खेळत होती. मार्गदर्शकांना टायफॉइड झालेला नव्हता. समितीचं समाधान झालं. प्रवेश द्यावा.'

मी त्यांना पुन्हा वाचायला सांगितलं. त्यांनी वाचलं. काकू म्हणाल्या, अजून एकदा. त्यांनी अजून एकदा वाचलं, आणि मग सरांनी विचारलं की टायफॉइडचं वाक्य तेवढं परत ऐकायला मिळेल का.

तुमची,
मैना